फेरा आणि विराम

रहाटास बैल जुंपला म्हणजे गाडग्यांची माळ फिरूं लागते. रिकामें गाडगें विहिरींत उतरतें, भरलेलें वर येतें, पाणी ओतून पुन्हां खालीं जातें. वाफा भरला कीं नाहीं, हें मात्र रहाटास कळत नाहीं; तें पाहून बैल सोडणारा शेतकरी निराळा असतो. कारखान्यांत एकच हालचाल हजारों वेळां बिनचूक करणाऱ्या यंत्रमानवाचा इतिहास हा याच दोन गोष्टींचा इतिहास आहे : फेरा आणि विराम. पैकीं फेरा यंत्रास आधीं शिकवितां आला. विराम शिकविण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

फ्रान्समधील लियों शहरांत नक्षीदार रेशमी वस्त्र विणावयाचें, तर विणकरास एक मदतनीस लागे. बाण्याच्या प्रत्येक धाग्यागणिक ताण्याचे ठराविक दोर ओढून धरणें हें त्याचें काम, आणि तें पुष्कळदां मुलांच्या वाट्यास येई. १८०४ सालीं जोसेफ मारी जाकार यांनीं या कामीं भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची योजना केली. जेथें भोंक असेल तेथील धागे उचलले जात. नसेल तेथील खालींच राहत. असे शेंकडों पुठ्ठे दोरीनें एकापुढें एक ओवून शेवटचा पहिल्यास जोडला, कीं नक्षी संपतांच पुन्हां आरंभापासून सुरू होई. मुलांचे कष्ट वांचले. पण पोटावर पाय येईल या भीतीनें विणकरांनीं या मागास कडवा विरोध केला.

इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यांनीं हेच पुठ्ठे आपल्या नियोजित गणितयंत्रासाठीं स्वीकारले. १८४३ सालीं एडा लव्हलेस यांनीं या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचा अनुवाद प्रसिद्ध करून त्यास मूळ लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या. क्रियांचा तोच समूह पुन्हां करावयाचा असेल, तर नवे पुठ्ठे कशास हवेत? जुनेच मागें फिरवावे, हें तत्त्व त्यांत स्पष्टपणें मांडलें आहे. तें यंत्र मात्र कधींच पुरें झालें नाहीं.

पुढें १९४४ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत पन्नास फुटांहून अधिक लांबीचें एक गणकयंत्र आलें. त्याच्या आज्ञा कागदी पट्टीवर भोकांनीं लिहीत, आणि आवर्तन हवें असल्यास पट्टीचीं दोन टोकें चिकटवून खरोखरीचें कडें करीत. परंतु आलेलें उत्तर पाहून आपण होऊन निराळी वाट धरण्याची सोय त्याच्या मूळ रचनेंत नव्हती. ती सोय, आज्ञा आपल्या स्मृतींत सांठविणाऱ्या मँचेस्टरच्या छोट्या यंत्रांत २१ जून १९४८ रोजीं दिसली. एका मोठ्या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधावयाचा होता. सतरा आज्ञांचा फेरा ५२ मिनिटें चालला, आणि उत्तर हातीं येतांच यंत्र आपण होऊन थांबलें.

'रोबोट' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या चेक नाटकांतून आला. त्याच्या मुळाशीं वेठीचा अर्थ आहे. १९६१ सालीं न्यू जर्सींतील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत 'युनिमेट' नांवाचा यांत्रिक हात साच्यांतून निघालेले तप्त धातूचे भाग उचलूं लागला. त्याच्या हालचाली फिरत्या चुंबकीय पिंपावर नोंदलेल्या असत. शेवटची झाली, कीं पुन्हां पहिली. माणसाचे हात भाजणारी वेठ अशा रीतीनें यंत्राच्या माथीं गेली.

तरी एक भेद उरतोच. मनुष्य थकतो, कंटाळतो, आणि कांहीं बिघडल्याचें दिसतांच हात आवरतो. यंत्रास थकवा नाहीं, म्हणून त्या थकव्यानें मिळणारी सूचनाही नाहीं. विरामाची अट चुकीची लिहिली गेली, तर तीच चूक तें अविरत करीत राहील. आतां थांबण्याचें काम यंत्र करतें खरें. पण कोठें थांबावयाचें, हें आधींच ठरविण्याची जोखीम अजून माणसाचीच आहे.