मशाल आणि विजेरी

एकोणिसाव्या शतकांत हिंगोलीस निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती. त्या काळीं रात्रीच्या प्रवासांत मशालजी बरोबर असे. त्याच्या एका हातांत मशाल, दुसऱ्या हातांत तेलाची बुधली. आणि मुक्काम गांठण्याची शाश्वती त्या बुधलीवर अवलंबून राही.

पुढें विजेरी आली. न्यूयॉर्कच्या डेव्हिड मिसेल यांस १८९९ सालीं तिचें पेटंट मिळालें. पहिले सेल इतके दुबळे, कीं प्रकाश क्षणभरच टिके. आजच्या शुभ्र एलईडीचें मूळ निळ्या एलईडींत आहे. तिच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक लाभलें. ज्वाळा प्रखर झाली. बुधलीचा प्रश्न मात्र उरलाच.

वेष्टनावरील ल्यूमेनचा मोठा आंकडा बहुधा कांहीं मिनिटांपुरताच खरा असतो. विजेरी तापली कीं प्रकाश उतरतो. म्हणून मध्यम प्रकाश किती तास टिकतो, हें आधीं पाहावें. घरांत वीज गेली असतां २००-३०० ल्यूमेनचा पसरट प्रकाश पुरतो. तेथें चार्ज होणारी विजेरी सोईची. मोटारीची गोष्ट निराळी. हिंगोली जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो, आणि उन्हांत उभ्या बंद गाडींत उष्णता त्याहून पुष्कळ वाढते. तेथें चार्ज होणारा लिथियम-आयन सेल लौकर जीर्ण होतो. अल्कलाइन सेल पाझरण्याची भीति असते. एकदांच वापरावयाचे लिथियम सेल चालतील अशी विजेरी घेऊन ती सीटखालीं सावलींत ठेवावी. मध्यरात्रीं कळमनुरीच्या वाटेवर चाक बदलण्याची वेळ आली, तर ती कळ दाबतांच पेटली पाहिजे.