कंसातली चाल

किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ वर्गात शिकवू लागल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षात यायला काही वर्षे जावी लागली. छापील प्रतीत पदांच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ असते. कुठे राग-तालाचे नाव, कुठे नुसतेच ‘साकी’ किंवा ‘दिंडी’, आणि पुष्कळ ठिकाणी ‘चाल’ म्हणून कुठल्याशा दुसऱ्याच गाण्याचे पहिले दोनचार शब्द, बहुधा कंसात. विद्यार्थी ही ओळ गाळून पुढे जातात. आम्हीही गाळत होतो. पद म्हणजे कविता असे समजून अलंकार, रस, व्यक्तिदर्शन यांची चर्चा करायची आणि तास संपवायचा, हा आमचा शिरस्ता. पण किर्लोस्करांनी ते पद कवितेसारखे कागदावर मांडून मग त्याला चाल लावलेली नव्हती. कानात आधीच घोळणाऱ्या चालीवर त्यांनी शब्द बसवले होते. म्हणजे ज्या ओळीला आम्ही टीप समजत होतो तीच पदाची जन्मपत्रिका होती. अडचण अशी की त्या कंसातली बरीचशी मूळ गाणी आज कुणाला येत नाहीत. 1882 च्या प्रेक्षकाला तेवढी खूण पुरेशी होती. आपल्याला ती कुलूप दाखवते, किल्ली देत नाही.

या कुलपाशी खटपट करणारे लोक जगात इतरत्रही झाले, आणि त्यांचा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे. आर्नोल्ड डोल्मेच (1858–1940) हा मुळात व्हायोलिनवादक. जुन्या हस्तलिखितांत त्याला सतराव्या शतकातले संगीत सापडले, आणि ते आजच्या वाद्यांवर वाजवले की त्याचा चेहरा बदलतो असे त्याच्या ध्यानात आले. त्याने जुनी वाद्ये दुरुस्त केली, नवी घडवली, जुने शिक्षणग्रंथ वाचले आणि 1915 मध्ये त्या संगीताच्या वादनपद्धतीवर ग्रंथ लिहिला. पुढे व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर्त आणि त्यांच्या व्हायोलिनवादक पत्नी अलिस यांनी 1953 मध्ये ‘कोन्सेन्टुस मुसिकुस’ हा वृंद उभा केला. आतड्याच्या तारा, जुन्या घडणीचा गज, आजच्याहून उतरलेला स्वर, असा सगळा सरंजाम त्यांनी जमवला. बेल्जियमच्या सिगिस्वाल्ड कौकेन यांनी तर व्हायोलिन हनुवटीखाली दाबून धरण्याची आधुनिक सवयच सोडली. (आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून वाजवणाऱ्यांनी हनुवटीचा प्रश्न केव्हाच निकालात काढला होता. असो.)

युरोपातल्या या मंडळींची आणि आपली अडचण मात्र नेमकी उलट आहे. त्यांच्यापाशी स्वर लिहिलेले होते, ते कसे वाजवायचे हे हरवले होते. आपल्याकडे ‘कसे’ हे गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जात राहिले, आणि ‘काय’ हे कुणी फारसे लिहून ठेवले नाही. भातखंड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शेकडो बंदिशी स्वरलिपीत आणल्या, तेव्हा घराणेदार गवयांनी नाक मुरडले ते याचसाठी : सांगाडा मिळाला, चाल-ढाल कुठे आहे? दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. संगीत नाटकाचे दुर्दैव असे की त्याचे दोन्हींकडून नुकसान झाले. स्वरलिपी नव्हती, आणि गुरुपरंपरा होती ती मधल्या मधे वळण घेत गेली.

ते वळण समजून घेणे आवश्यक आहे. ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला. त्या काळच्या पदांत कीर्तनाच्या चाली आहेत, बायकांच्या गाण्यांच्या आहेत, लावणीच्या आहेत, कर्नाटकातून आलेल्या आहेत. साकीच्या अठ्ठावीस आणि दिंडीच्या एकोणीस मात्रा आपण वृत्तविचारात मोजतो, पण रंगभूमीवर त्या मोजायच्या नव्हत्या, म्हणायच्या होत्या. संवाद चालू असता पात्र बोलता बोलता गाण्यात शिरते आणि दोन ओळींत बाहेर येते, अशी ती रचना. नाटकात शंभरावर पदे मावत ती याचमुळे. 1896 मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ आले आणि पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठीत शिरल्या. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, त्यात ठुमरी-दादऱ्याचा रंग आला. 1916 च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशीच नाटकाच्या हाती दिल्या. पदाची लांबी वाढली, संख्या घटली, आणि गाणारे पात्र हळूहळू नाटकातला गवई झाले. बालगंधर्वांच्या हाती या वळणाचे सोने झाले, यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. पण त्यांनीच ‘सौभद्र’ही गायिले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने ‘सौभद्र’ ‘स्वयंवर’च्या कानांनी ऐकले. आज मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा पार्ल्याच्या दीनानाथमध्ये जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग लागतो तेव्हा आपण 1882 चे म्हणून जे ऐकतो ते पुष्कळसे 1916 नंतरचे असते.

किर्लोस्करांचे मूळ गाणे ऐकण्याचा मार्ग जवळजवळ नाही. सुभद्रेची भूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये वारले, आणि ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानातले पहिले ध्वनिमुद्रण केले ते 1902 मध्ये, कलकत्त्यात. एका वर्षाने हुकले म्हणायचे. भास्करबुवा 1922 पर्यंत हयात होते, तरी त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकेवर उरलेला नाही. जे उरले त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. जुन्या तबकडीवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत गाणे बसवावे लागे. शेवटी गायक-गायिका घाईने आपले नाव सांगतात ते ऐकून आपल्याला गंमत वाटते, पण त्याच घाईने वरच्या दोन ताना कापल्या गेलेल्या असू शकतात. शिवाय तबकडी ज्या वेगाने कोरली त्याच वेगाने फिरवली नाही तर स्वर आणि लय दोन्ही बदलतात, आणि सुरुवातीच्या काळात तो वेग सर्वत्र सारखा नव्हता. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि तिचे चिटणीस सुरेश चांदवणकर यांनी अशा तबकड्यांची जी नोंद, जतन आणि चर्चा केली, तिचे मोल मराठीच्या प्राध्यापकांना अजून कळलेले दिसत नाही. आम्ही स्वतःला यात धरतो.

जुनी शैली सापडेल तर ती केवळ ग्रंथात नाही आणि केवळ गळ्यातही नाही, हे ओळखणारे दोघे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे : एक व्हायोलिनवादक-गायक, दुसरा त्याचाच शिष्य असलेला विद्वान.

गजाननराव जोशी (1911–1987) यांचे वडील अनंत मनोहर जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात ज्यांनी आणली त्यांच्यापासून हे घर एकाच पायरीवर. गजाननबुवांनी व्हायोलिन बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले आणि त्यावर घरची गायकी वाजवली. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके हार्मोनियमला दार बंद केले होते. स्वरांच्या मधली जागा दाखवणाऱ्या गजाच्या वाद्यांकडे बघण्याची दृष्टी त्या काळात काय असेल याची यावरून कल्पना करता येते. पण बुवा तेवढ्यावर थांबले नाहीत. रामकृष्णबुवा वझे, जयपूरचे भुर्जीखाँ, आग्र्याचे विलायतहुसेनखाँ यांच्याकडेही ते शिकले, आणि उत्तरायुष्यात डोंबिवलीत राहून शिकवत राहिले. तीन घराण्यांची मिसळ करून ‘स्वतःची शैली’ काढण्याचा मोह त्या काळात मोठा होता. बुवांचा मार्ग वेगळा पडला : प्रत्येक घराण्याची बंदिश त्याच घराण्याच्या शिस्तीने गावी. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर एकाच मैफिलीत ग्वाल्हेरचा ख्याल ग्वाल्हेरच्या आणि जयपूरचा जयपूरच्या रीतीने गातात, तेव्हा ऐकणाऱ्याला आवाज एकच असून व्याकरण बदलल्याचे जाणवते. युरोपातल्या ऐतिहासिक वादनपद्धतीचा आग्रह याहून वेगळा काय आहे? फरक इतकाच की आपल्याकडे त्याला चळवळ म्हटले नाही, तालीम म्हटले.

दुसरे नाव अशोक दा. रानडे (1937–2011). बुवांकडे आणि बी. आर. देवधरांकडे त्यांनी गाणे घेतले. ते मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक. पुढे राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रातही त्यांनी काम केले. मराठी रंगभूमीच्या संगीतावर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ 1986 मध्ये आला. आमच्या पिढीच्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी नाट्यसंगीतावर आठवणींची पुस्तके खूप वाचली. विश्लेषण वाचले ते इथे. परंतु रानडे नुसते लिहिणारे नव्हते. ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ यांसारखे कार्यक्रम त्यांनी रचले. एखादा गीतप्रकार कुठे, कुणासमोर, कशासाठी गायिला जाई हे सांगत तो गाऊन आणि गाऊन घेऊन दाखवला. आवाजाच्या शास्त्राचा त्यांचा अभ्यास इथे कामी आला. ध्वनिवर्धक नसलेल्या नाटकगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळावा म्हणून फेकलेला आवाज आणि माइकशी कुजबुजणारा आवाज हे दोन वेगळे आवाज आहेत. एकाची चाल दुसऱ्याने गायिली की चाल तीच राहते आणि गाणे बदलते. संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन असे कोटिक्रम लावून बघण्याची त्यांची रीत आम्हाला किर्लोस्करांपाशी फार उपयोगी पडली. कारण ‘सौभद्र’चा बराच भाग कलासंगीताच्या कोटीत बसतच नाही, आणि आपण हट्टाने तो तिथे बसवतो.

याला एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे. रिचर्ड तारुस्किन यांनी 1995 मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या निबंधांत युरोपीय पुनरुज्जीवकांना सुनावले की तुम्ही ज्याला जुने म्हणता ते खरे तर विसाव्या शतकाच्या आवडीचे, सुटसुटीत, चपळ संगीत आहे. भूतकाळाचा मुखवटा घालून तुम्ही आपला वर्तमानच वाजवता. आमच्याही मनात ही शंका येते. साधी, बिनतानेची साकी आम्हाला आवडते ती 1882 ची म्हणून, की बालगंधर्वी वळणाच्या नकला ऐकून आमचे कान विटले म्हणून? तारुस्किनांना उत्तर आमच्यापाशी नाही. मात्र ते स्वतः या निष्कर्षाने खिन्न होत नाहीत, हे लक्षात ठेवावे. नवे वादन जिवंत असेल तर त्यांची हरकत नाही, हरकत ‘अस्सल’ या शिक्क्याला आहे. तो शिक्का आम्हालाही नको. आम्हाला हवे आहे ते इतकेच की पदाचा अर्थ लावताना ते किती वेळ चालत होते, कोणत्या आवाजात होते, आणि ऐकणाऱ्याला त्यामागे कोणते दुसरे गाणे ऐकू येत होते, याचा हिशेब व्हावा. देवाच्या आरतीच्या चालीवर प्रेमाचे पद बसले असेल तर तो विनोद आहे की भक्ती? कंसाकडे पाहिल्यावाचून हे ठरत नाही, आणि आपण टीकालेख मात्र लिहून मोकळे होतो.

हे सारे आम्हाला सुचले ते एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची एक विद्यार्थिनी ‘सौभद्र’मधली दिंडी म्हणायला उभी राहिली. ही दिंडी तिला घाटकोपरला तिच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी शिकवली होती. आजींचे वडील कीर्तनकार होते. दिंडी त्यांना पुस्तकातून नव्हे, माजघरातून मिळालेली. मुलगी आधी दोन वाक्ये संवादाची बोलली, त्याच पट्टीत दिंडी म्हणाली, आणि दीड मिनिटात गप्प झाली. तंबोऱ्यावर बसलेला मुलगा अजून तार छेडतच होता. परीक्षकांनी शेरा दिला : आवाज चांगला, विस्तार नाही, तयारी कमी. आम्ही तेव्हा काही बोललो नाही, कारण परीक्षकांचे नियम छापलेले होते आणि त्यांत दिंडीला जागा नव्हती. परतीच्या लोकलमध्ये तिने आम्हाला विचारले, सर, मी नाटकातले गाणे म्हटले की मैफिलीतले म्हणायला हवे होते?

त्या आजींकडे आम्ही पुढे दोनदा गेलो. पहिल्या खेपेस त्यांनी चहा दिला आणि आता काही आठवत नाही म्हणाल्या. दुसऱ्या खेपेस आम्ही ‘सौभद्र’ची जुनी प्रत नेली आणि पदे न वाचता फक्त कंसातले शब्द एकामागून एक मोठ्याने वाचत गेलो. बऱ्याच ठिकाणी त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाच ठिकाणी हात वर करून आम्हाला थांबवले, आणि त्या मूळ गाण्यातल्या दोन-दोन ओळी म्हणाल्या. एकीला त्या हसल्या. हे मुलींना नका शिकवू, म्हणाल्या. पाचही आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्यांतल्या एकीवर किर्लोस्करांचे पद बसवून पाहिले तर तिसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त पडतात. आजी म्हणतात त्यात चूक आहे, की छापील पाठात, की मधल्या शंभर वर्षांत कुणी एक शब्द वाढवला, याचा शोध आम्ही सध्या जुन्या आवृत्त्या ताडून घेत आहोत.