नियंत्रित पायस बहुवारिकीकरण

पाण्यात पृष्ठसक्रिय पदार्थाच्या (तेलकट थेंब विखुरलेले ठेवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाच्या) साहाय्याने विखुरलेल्या एकवारिकाचे (ज्यांच्या जोडणीने शृंखला बनते त्या लहान रेणूंचे) मुक्त मूलकांच्या द्वारे, परंतु सर्व शृंखला जवळजवळ सारख्या लांबीच्या होतील अशा रीतीने घडविलेले बहुवारिकीकरण.

इतिहास : रबराच्या झाडाचा चीक म्हणजे पाण्यात विखुरलेले रबराचे सूक्ष्म कण होत. त्याचे अनुकरण करण्याच्या प्रयत्नांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत पायस पद्धती उदयास आली. १९४२ मध्ये जपानने मलाया जिंकल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला व तेथे या पद्धतीने ब्युटाडाइन व स्टायरीन यांपासून कृत्रिम रबराचे प्रचंड उत्पादन सुरू झाले. विक्रियेतील उष्णता पाणी शोषून घेते आणि शृंखला लांब झाल्या, तरी मिश्रण पातळ राहते, हे तिचे मुख्य फायदे होत. १९४८ मध्ये स्मिथ व एवर्ट यांनी तिची गणिती उपपत्ती मांडली. मूलके वेगवेगळ्या कणांत अलग पडल्याने ती परस्परांना भेटून नष्ट होत नाहीत. म्हणून विक्रियेचा वेग व शृंखलेची लांबी ही दोन्ही एकाच वेळी वाढविता येतात.

मात्र या शृंखला असमान लांबीच्या असत. १९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी ऋणायनांच्या द्वारे ‘जिवंत’, म्हणजे आपोआप खंडित न होणाऱ्या, शृंखला वाढविल्या; परंतु त्यांना पाण्याचा अंशही चालत नसे. नेमकेपणा हवा, तर पाणी वर्ज्य आणि पाणी हवे, तर नेमकेपणा नाही, अशी ही कोंडी होती. मूलकांना पाणी बाधत नसल्याने त्यांनाच आवर घालण्याचा मार्ग उरला. तो नायट्रॉक्साइडांच्या योगे सॉलोमन, रिझार्डो व सहकारी यांनी (पेटंट १९८६), तांब्यासारख्या धातूंच्या जटिल संयुगांच्या योगे सावामोटो व मातियाशेव्हस्की यांनी स्वतंत्रपणे (१९९५) आणि गंधकयुक्त संयुगांच्या योगे रिझार्डो, मोड व थांग यांनी (१९९८) खुला केला. या सर्वांत शृंखलेचे टोक बहुतेक काळ निष्क्रिय ठेवून अधूनमधूनच जागे केले जाते.

पायसातील अडचणी : नियंत्रक द्रव्य प्रत्येक कणात पोहोचावे लागते. ते जलविरोधी असल्यास मूळ थेंबांतच अडकते. जलविद्राव्य असल्यास कणांबाहेर निसटते. गंधकयुक्त संयुगे वापरताना प्रारंभी पायस फुटून रंगीत तेलकट थर साचे. तांब्याची जटिल संयुगे ऋणायनी साबणांशी विक्रिया पावत असल्याने तेथे अनायनी पृष्ठसक्रिय पदार्थ घ्यावे लागले. एकवारिक आधीच अतिसूक्ष्म थेंबांत विभागून प्रत्येक थेंबातच विक्रिया घडविण्याच्या लघुपायस पद्धतीने पुष्कळ प्रश्न सुटले.

२००२ मध्ये सिडनी येथील गिल्बर्ट, हॉकेट व सहकारी यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी ॲक्रिलिक अम्लाची आखूड जलस्नेही शृंखला घेऊन तिच्या टोकाला जलविरोधी एकवारिक सावकाश जोडत नेले. अशा शृंखला आपोआप एकत्र येऊन कण बनले व वेगळ्या साबणाची गरज उरली नाही. अशा रीतीने पायस टिकविणारा घटक शृंखलेतच सामावला गेला. सुटा साबण रंगाच्या वा चिकटद्रव्याच्या वाळलेल्या थरात मागे राहून त्याचा जलरोध कमी करतो. म्हणून या पद्धतीला व्यावहारिक महत्त्व आहे.