पॅटन आणि सरळ पात्याची तलवार
१९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळल्या गेलेल्या आधुनिक पंचक्रीडेत, म्हणजे नेमबाजी, पोहणे, तलवारबाजी, घोडेस्वारी आणि धावणे यांच्या संयुक्त स्पर्धेत, अमेरिकी घोडदळाचा तरुण अधिकारी जॉर्ज पॅटन पाचवा आला. त्यानंतर त्याने फ्रान्समधील सोम्यूर येथील घोडदळ विद्यालयात तलवारीचे शिक्षण घेतले. धारेने तोडण्यापेक्षा टोकाने भोसकणे अधिक परिणामकारक, ही फ्रेंच परंपरेतील धारणा त्याने इतकी आत्मसात केली, की १९१३ साली त्याने आखलेली घोडदळाची नवी तलवार, पूर्वीच्या वक्र पात्याऐवजी, सरळ पात्याची झाली. स्पर्धेच्या आखाड्यातील विचार शस्त्ररचनेत इतक्या थेटपणे उतरणे खरोखरच विलक्षण होते. मात्र १९१८ साली हाच अधिकारी फ्रान्सच्या रणभूमीवर रणगाड्यांचे नेतृत्व करीत होता.