पलूस, 20 ऑगस्ट 2025 : एका रात्रीचा घटनाक्रम

खाली जो मुलगा येतो तो कोणी एक नाही. मोबाइलवर नव्याने पोकर स्पर्धा खेळायला बसलेल्या पोराची रात्र कशी जाते, हे दाखवायला तो उभा केला आहे. त्याच्या रकमा आणि त्याची स्पर्धा नमुन्याची आहे. दिल्लीतल्या तारखा, कायदा, कर आणि पत्त्यांचं गणित मात्र जसंच्या तसं आहे.

बुधवार, दुपार

माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव लोकसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मांडतात. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. अशा खेळांत देशातले 45 कोटी लोक वर्षाला सुमारे 20,000 कोटी रुपये घालवतात, हा सरकारचा अंदाज. संध्याकाळपर्यंत गदारोळातच विधेयक मंजूर होतं.

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्याचं लक्ष तेव्हा नदीकडे. कोयना धरणातून विसर्ग वाढवलेला, कृष्णा चढतेय. भिलवडी, अंकलखोप, औदुंबरच्या माणसांना अशा दिवसांत सांगलीच्या इर्विन पुलाचे दोनच आकडे पाठ असतात : इशारा 40 फूट, धोका 45. दिल्लीच्या बातमीकडे बघायला सवड कुणाला?

रात्री 8.00

मुलगा एमआयडीसीतली पाळी संपवून घरी आलाय. जेवण झालंय. तो ॲपमध्ये 2,000 रुपये भरतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, तो या 2,000 मध्येच धरलेला, म्हणजे खेळायला खरे 1,562 रुपये. ॲप वर बोनस दाखवून ही तूट झाकतं, त्यामुळे ती त्याच्या ध्यानात येत नाही.

स्पर्धेची प्रवेश फी 550. त्यातले 500 बक्षिसांत, 50 कंपनीचे. त्याला 20,000 चिप्स मिळतात. प्रत्येक डावात दोघांनी सक्तीने लावायची रक्कम, म्हणजे ब्लाइंड, 100 आणि 200 पासून सुरू. दर दहा मिनिटांनी ती वाढणार.

रात्री 8.50

हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची नव्वी. मधल्या, सगळ्यांच्या सामाईक पानांत बदामचा एक्का पडतो. एक्क्याची जोडी! तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला हा डाव आपलाच वाटतो. समोरचा रक्कम वाढवतो, हा भरतो. तो पुन्हा वाढवतो, हा सगळं लावतो. समोरच्याकडे एक्का आणि राजा. जोडी दोघांचीही एक्क्याचीच, पण सोबतचं पान ज्याचं मोठं, डाव त्याचा. बरेच नवखे याच पानावर बुडतात, कारण हात वाईट नसतो. तो दुसऱ्या नंबरचा असतो.

रात्री 8.51

माझ्या मते त्या रात्रीचा सगळा निकाल या मिनिटात लागला.

स्क्रीनवर ‘पुन्हा प्रवेश’चं बटण येतं आणि त्याच्याखाली उलटे मोजणारे सेकंद. मित्राचा मेसेज येतो, “बस की परत. दहापर्यंत एंट्री चालू हाय.” तेवढ्यात गावच्या ग्रुपवर विसर्गाचा नवा आकडा येतो आणि बटणावरच आडवा पडतो. तो बोटाने बाजूला सारून मुलगा बटण दाबतो.

आठ वाजता 550 रुपयांत 20,000 चिप्स मिळाल्या, तेव्हा मोठा ब्लाइंड 200 होता. म्हणजे शंभर वेळा तो भरता येईल इतकं बळ. हेच बटण पुन्हा पावणेदहाला दाबलं की त्याच 550 रुपयांत तेवढ्याच चिप्स मिळतात, पण मोठा ब्लाइंड आता 1,200 झालेला. बळ उरतं जेमतेम सोळाचं. किंमत तीच, माल सहावा हिस्सा. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. सराईत खेळाडू हा हिशेब बसण्याआधीच करतो, कमी चिप्सवर कधी काय लावायचं याचे तक्ते त्याने घोटलेले असतात. नवखा फक्त सेकंद बघतो.

रात्री 9.45

दुसरा प्रवेशही संपलाय. तिसऱ्याला पाकिटात 462 रुपयेच उरलेत. मुलगा आणखी 5,000 भरतो. ते द्राक्षांच्या ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी औषध दुकानाची उधारी भागवायला वडिलांनी, आण्णांनी, त्याच्या खात्यात ठेवलेले.

रात्री 10.00

प्रवेश बंद. फलकावर आकडा येतो : 600 प्रवेश. ही 600 माणसं नव्हेत. यात एकट्या याचेच तीन आहेत. बक्षिसं 72 जणांना. सगळ्यात लहान बक्षीस हजाराच्या आसपास, आणि हा आत्ताच 1,650 घालून बसलाय. शेवटच्या बक्षिसापर्यंत पोहोचला तरी तोटाच.

अकराच्या सुमारास चिप्स वाढतात. हुरूप येतो. तो 2,200 रुपयांची दुसरी स्पर्धा शेजारच्या खिडकीत उघडतो. तीत फार वेळ टिकत नाही.

रात्री 12.40

75 जण उरलेत. आणखी तिघे गेले की उरलेल्या प्रत्येकाला पैसे. खेळाडू याला बबल म्हणतात. आणि हातात दोन एक्के येतात.

दोन एक्के सरासरी 221 हातांत एकदा मिळतात. एका टेबलावर तासाला साठेक हात होतात, म्हणजे साडेतीन-पावणेचार तासांत एकदा. तो सगळं लावतो. समोरच्याकडे अठ्ठ्यांची जोडी. अशा झुंजीत एक्के पाचांतून चार वेळा जिंकतात. शेवटचं पान किलवरची अठ्ठी.

इथे त्याची काहीही चूक नव्हती. जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूनेही तिथे सगळंच लावलं असतं. पण नवख्याला हेच पान जन्मभर आठवतं आणि 8.51 चं मिनिट तो विसरून जातो. नशिबाने दगा दिला, एरवी आपण खेळाडू चांगले, हे त्याच्या मनात पक्कं बसतं.

रात्री 1.00 ते 2.40

आणखी 10,000 भरले. स्पर्धा सोडून रोख टेबल. शेजारच्या खोलीतून आण्णांचा आवाज, “झोपला नाहीस व्हय रं?” तो म्हणतो, “पाण्याचे मेसेज बघतोय.” 2.40 ला पाकिटात शून्य. रात्रीत भरलेले एकूण 17,000.

गुरुवार आणि शुक्रवार

21 ऑगस्टला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, राज्यसभेची मंजुरी. 22 ला राष्ट्रपतींची सही. पोकरबाजी, एमपीएल, झूपी या ॲप कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. ज्यांची शिल्लक होती त्यांना ती काढून घेता येणार होती. या मुलाकडे काढायला काही नव्हतं.

पोकर कौशल्याचा खेळ आहे, असं कंपन्या कोर्टात वर्षानुवर्षं सांगत आल्या. मला ते पटतं, आणि नवख्याला वाचवायचं सगळ्यात मोठं कारणही मला त्यातच दिसतं. कौशल्य लागतं याचा अर्थ ते ज्याच्याकडे नाही त्याचे पैसे ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जातात, आणि मधला हिस्सा कंपनीकडे. लॉटरीत निदान सगळे सारखेच आंधळे असतात. या विधेयकाच्या महिनाभर आधी विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसली, यावरून राज्यभर गदारोळ झाला. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले, 31 जुलैला त्यांचं खातं बदललं. त्या गदारोळात बोलणं मंत्र्यांवरच झालं. रात्री एकला उधारीचे पैसे भरणाऱ्या पोराबद्दल कुणी बोललं नाही.

कायद्याने दार लावलं, पण मोबाइलवर परदेशी ॲपच्या लिंका येत राहतील. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. तुमच्या घरात असं पोरगं असेल तर आधी रक्कम विचारा, ओरडा नंतर. दुकानदाराशी बोलून उधारीचे हप्ते पाडून घ्या, त्याचं खातं काही महिने घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली ठेवा. आणि तो झोपत नसेल, जेवत नसेल, भलतंसलतं बोलत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेला 14416 वर फोन करा. तो फुकट आहे, चोवीस तास लागतो, आणि मराठीत बोलता येतं.