भगवी कफनी आणि कर्जरोखा

शेअर बाजाराच्या भाषेत अलीकडे 'गुरू' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ज्याचा पैसा वाढतो तो गुरू. ओमाहाच्या वॉरन बफे यांनी आपल्या भागधारकांना वर्षानुवर्षे लिहिलेली पत्रे लोक पोथीसारखी वाचतात, आणि त्यांतल्या साध्या वाक्यांतूनही जीवनदृष्टी शोधतात. पैशाच्या व्यवहारात गुरू ही उपाधी लाक्षणिक अर्थाने वापरली जाते, हे आपण गृहीत धरलेले असते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात साताऱ्याजवळच्या धावडशी गावी मात्र एक असा पुरुष राहत होता, की ज्याच्या बाबतीत ही उपाधी शब्दशः खरी होती. तो संन्यासी होता, छत्रपतींपासून पेशव्यांपर्यंत सर्वांना वंदनीय होता, आणि यांपैकी बऱ्याच जणांचा सावकारही होता. येथे पत्रे उलट दिशेने जात: ज्यांनी पैसा घेतला होता ते गुरूला लिहीत, आणि गुरू त्यांना तगादा लावीत.

ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असते, साहित्याच्या विद्यार्थ्याला बहुधा नसते. ही खेदाची गोष्ट आहे. कारण स्वामींचा पत्रव्यवहार हा त्या काळच्या मराठी गद्याचा एक महत्त्वाचा साठा आहे, आणि त्याच्या वाचनावरून मराठीत झालेला वाद हा कागदपत्र कसा वाचावा याविषयीचा एक मूलभूत वाद आहे.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव विष्णू, घराणे वऱ्हाडातले. काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला आणि तीर्थाटन करीत ते कोकणात चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री येऊन राहिले. जंगलात एकांती तप करणारा यती अशी त्यांची पहिली ख्याती. बाळाजी विश्वनाथ भट हे त्या काळी चिपळूणच्या मिठागराच्या कारभारात होते, तेव्हापासून त्यांचा स्वामींशी संबंध जुळला, असे परंपरा सांगते. पेशवेपद भटांच्या घरात येण्यापूर्वीची ही गोष्ट. नवख्या कारकुनाची पारख करणे आणि त्याच्या उत्कर्षाबरोबर आपलाही उत्कर्ष साधणे, याला आजचे गुंतवणूकदार काय म्हणतील ते सांगायला नको.

परंतु स्वामींचा भरवसा एकाच घराण्यावर नव्हता. जंजिऱ्याचा सिद्दी आणि कुलाब्याचे आंग्रे हे एकमेकांचे हाडवैरी. स्वामींचा दोघांकडेही राबता होता आणि दोघांकडूनही देवस्थानाला दान मिळत होते. परशुरामाच्या देवळाचे काम त्यांनी यांतूनच उभे केले. साताऱ्यास शाहू महाराज, त्यांची उपपत्नी विरूबाई, पेशव्यांच्या घरात बाजीराव, चिमाजीआप्पा व मातुश्री राधाबाई, कुलाब्यास कान्होजी व त्यांच्या मागे त्यांचे पुत्र आणि घरातल्या स्त्रिया, असा हा भक्तपरिवार. वर्षातून भिक्षेसाठी ते फिरत, आणि ही भिक्षा मूठभर तांदळाची नसे. श्रावणात महिनाभर समाधी लावून बसत. उरलेल्या अकरा महिन्यांत जो पैसा हाती येई त्यातला काही देवळे, विहिरी, तळी, रस्ते यांत जाई आणि काही कर्जाऊ जाई.

१७२७ साली या सर्व व्यवस्थेवर घाव पडला. निमित्त एका हत्तीचे. सावनूरच्या नवाबाने स्वामींना हत्ती दिला; तो कोकणात उतरताना आंग्र्यांची माणसे आणि सिद्दीचा अंजनवेल-गोवळकोटचा सुभेदार सिद्दी सात यांच्यात तंटा उपस्थित झाला. या प्रकरणात स्वामी आंग्र्यांना सामील आहेत असा सिद्दी सातचा ग्रह झाला, आणि त्याने महाशिवरात्रीच्या दिवशी परशुरामाच्या देवस्थानावर हल्ला करून ते लुटले. दोन वैऱ्यांशी सारखेच सख्य ठेवणाऱ्याची गुंतवणूक ज्या दिवशी दोघे खरोखरच भिडतात त्या दिवशी बुडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. स्वामी संतापले. कोकण सोडून ते घाटावर आले, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने धावडशीस स्थायिक झाले. पुढची अनेक वर्षे सिद्दीचे पारिपत्य करा, हा घोष त्यांनी शाहू, बाजीराव आणि आंग्रे यांच्यामागे लावला. १७३३ मध्ये जंजिऱ्याची मोहीम झाली. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजीआप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सातला ठार केले. जंजिरा मात्र पडला नाही, तो कधीच पडला नाही. अंजनवेल तुळाजी आंग्र्यांनी १७४५ साली घेतले. त्याच वर्षी २५ जुलैला धावडशी येथे स्वामींचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा शंभरीला टेकले होते असे मानतात.

आता कर्जाकडे वळू. बाजीरावांच्या स्वाऱ्यांचा खर्च कसा भागे हा प्रश्न आपल्या कादंबऱ्यांना आणि नाटकांना क्वचितच पडला. घोडा, तलवार, मस्तानी, हे सर्व आहे. शिलेदाराचा महिन्याचा पगार नाही. फौज आधी उभी करावी लागे आणि चौथाई नंतर वसूल होई. या दोहोंमधले जे अंतर, त्यात सावकार उभा असे. स्वारी फसली किंवा वसुली लांबली, तर व्याज चढत राही. बाजीरावांनी स्वामींना लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात हा ताण विलक्षण तऱ्हेने उमटला आहे. कर्जाच्या नरकात आपण पडलो आहोत आणि सावकार-शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली, अशा आशयाचे ते पत्र. ग्रँट डफलाही त्याचा मोह आवरला नाही. १८२६ च्या आपल्या इतिहासात त्याने त्याचा उतारा इंग्रजीत दिला. पालखेडच्या विजयी सेनापतीचे हे कपाळ आपल्या एकाही पुतळ्याला दिसत नाही.

एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. हे दुःख बाजीराव ज्याला सांगत आहेत तो स्वतःच एक धनको आहे. म्हणजे हे पत्र शिष्याचा आक्रोश आहे, की ऋणकोने मुदत मागण्यासाठी केलेली विनवणी? चिमाजीआप्पांनी वसईच्या विजयाचे, १७३९ साली, स्वामींना लिहिलेले वृत्तही असेच दोन्ही अंगांनी वाचता येते. विजय आपल्या आशीर्वादाने झाला, असे शिष्य लिहितो. विजयाने वसुलीची शाश्वती वाढते, हे धनको वाचतो. एकच मजकूर, दोन वाचने, आणि दोन्ही खरी.

या दोन वाचनांतूनच मराठी इतिहासलेखनातला एक गाजलेला सामना झाला. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०० साली स्वामींचे चरित्र व पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. पारसनीस हे कागदांचे अजोड संग्राहक. त्यांनी जमवलेला ठेवा पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. त्यांच्या चरित्रातले ब्रह्मेंद्रस्वामी हे बाजीरावाचे रामदास आहेत. राजकारणाचा सूत्रधार, हिंदवी पराक्रमाचा प्रेरक, निःस्वार्थ यती. सज्जनगडाच्या सावलीत राहणाऱ्या लेखकाला हा साचा सुचावा यात नवल नाही. एका छत्रपतीला एक समर्थ, तर एका पेशव्यालाही एक समर्थ हवा!

पुढच्याच वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या तिसऱ्या खंडात या चित्रावर कठोर प्रहार केला. राजवाड्यांचा हल्ला दुहेरी होता. पहिला मुद्दा कालनिर्णयाचा. स्वामींच्या पुष्कळ पत्रांवर साल नाही; पारसनिसांनी दिलेल्या तारखा राजवाड्यांनी एकेक करून तपासल्या आणि कितीतरी चुकीच्या ठरवल्या. दुसरा मुद्दा चारित्र्याचा. पत्रे नीट वाचली तर त्यांत राष्ट्रकार्याची प्रेरणा थोडी आणि पैशाचे व्यवहार, मागण्या, रुसवे, शापाच्या धमक्या फार, असे राजवाड्यांचे म्हणणे. सावकारी करणारा हा संन्यासी रामदासांच्या पंक्तीला बसूच शकत नाही. पुढे रियासतकार सरदेसाई यांनीही स्वामींच्या राजकीय महत्त्वाला बरीच कात्री लावली. (त्याच सुमारास मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढीत होते. सातारा-वाई-मिरज हा टापू त्या पिढीत मराठी इतिहाससंशोधनाचा किती मोठा कारखाना होता, याची आज सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांतही फारशी आठवण होत नाही.)

तारखांच्या बाबतीत राजवाडे बरोबर होते. दुसऱ्या मुद्द्याविषयी मात्र मला शंका आहे. पारसनीस आणि राजवाडे हे दिसायला विरुद्ध टोकांना असले, तरी एका गृहीतकावर दोघांचे एकमत आहे: खरा संन्यासी पैशाला शिवत नाही. म्हणून एकाने पैसा झाकला आणि दुसऱ्याने संन्यास नाकारला. अठराव्या शतकाला हे गृहीतक मान्य होते काय? उत्तरेकडून दख्खनेत आलेले गोसावी त्या शतकात मोठे व्यापारी आणि सावकार होते. पुण्याच्या पेठांत त्यांच्या पेढ्या होत्या. मठाला वारस लागतो पण वाटण्या लागत नाहीत, मालावर हात टाकायला लुटारू कचरतो, आणि यात्रेच्या वाटा याच हुंडीच्या वाटा असतात. संन्यास हे भांडवल साठण्याचे एक उत्तम पात्र होते. ब्रह्मेंद्रस्वामींना मूलबाळ नव्हते, जहागिरीची हाव नव्हती, फौज नव्हती. त्यांच्याकडून कर्ज घेतल्याने कोणाही सरदाराला दुसऱ्या सरदाराचे मिंधे व्हावे लागत नव्हते. बारामतीकर बापूजी नाईकांचे तसे नव्हते. ते पेशव्यांचे नातलग आणि सावकार. १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने त्यांनी थेट पेशवेपदावरच डोळा ठेवला. सावकार गृहस्थ असला म्हणजे काय होते ते नानासाहेबांनी त्या वर्षी पाहिले.

याच्या दुसऱ्या बाजूला तुकोबा आहेत. घरची सावकारी, आणि कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवल्याची कथा. मराठी साहित्याने मनाशी धरलेली संतत्वाची कसोटी ही आहे, आणि ती योग्यच आहे. ब्रह्मेंद्रस्वामी त्या कसोटीला उतरत नाहीत. त्यांनी एकही कागद बुडवला नाही. त्यांना संत ठरवण्याचा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. परंतु ढोंगी ठरवून त्यांची वासलात लावणे हाही एक आळसच आहे. त्यांचे तत्त्वज्ञान, जर त्याला हे नाव द्यायचे असेल तर, कुठल्या ग्रंथात नाही. ते खर्चाच्या दिशेत आहे. मुद्दल फिरते ठेवायचे, व्याज सोडायचे नाही, आणि जे साठेल ते देवळात आणि पाण्यात घालायचे. घाटमाथ्यावरच्या अवर्षणी मुलखात पाणी ही गुंतवणूक आणि पुण्य यांची एकत्र जागा होती. स्वामींच्या भक्त विरूबाई यांनी साताऱ्याजवळ लिंब येथे शके १६४१ ते १६४६ या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर आजही पाहायला मिळते. ती विहीर स्वामींची नव्हे. पण पैसा कुठे ठेवला असता टिकतो याविषयीची त्या मंडळींची समज तिच्या दगडांत स्पष्ट वाचता येते.

साहित्याच्या दृष्टीने मला या पत्रव्यवहारातले सर्वांत मोलाचे वाटतात ते तगादे. तगादा हा एक गद्यप्रकार आहे, आणि त्याची कारागिरी सोपी नाही. धनकोला रक्कम हवी असते, पण ऋणको इतका बलाढ्य असतो की त्याच्या दारी धरणे धरून बसता येत नाही. स्वामींजवळ फौज नव्हती, भाषा होती. आशीर्वाद आणि हिशेब, ममता आणि शाप हे एकाच पत्रात शेजारी बसतात. वत्सल सुरातून एकदम दटावणीच्या सुरात जाण्याची ही तऱ्हा बखरीच्या सजवलेल्या गद्यात सापडत नाही. आमच्या अभ्यासक्रमांत बखर असते, क्वचित एखादे ऐतिहासिक पत्र असते, तेही लढाईचे. पैसे मागणारे पत्र वाङ्मयात बसत नाही असा आमचा समज असावा.

स्वामींच्या मृत्यूनंतर कर्ज थांबले नाही. उलट, १७४० ते १७६० या नानासाहेबांच्या काळात पेशव्यांनी उभारलेली कर्जे दीड कोटीच्या घरात होती आणि व्याजाचा दर शेकडा १२ ते १८ होता, असे न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवरच्या आपल्या निबंधात नोंदवले आहे. बाजीरावांच्या मानाने ही पत सुधारलेलीच म्हणायची. ऋणको तोच राहिला, धनको मात्र आता पुण्यातल्या पेढ्यांवर बसू लागले. त्यांना विजयाचे वृत्त कळवताना आशीर्वादाचा उल्लेख करण्याचे कारण उरले नव्हते. धावडशीला भार्गवरामाच्या देवळाच्या आवारात स्वामींची समाधी आहे. त्यांच्या पत्रांपैकी कितीतरी पत्रांचा कालनिर्णय पारसनिसांना आणि राजवाड्यांना ठेवून भागलेला नाही. ते काम अजून कोणातरी विद्यार्थ्याची वाट पाहत आहे.