क्लारा शूमान : संसार आणि संगीत

थोर पुरुषाच्या पत्नीविषयीं लिहितांना ‘ती पतीची स्फूर्ति होती’ असें म्हटलें, कीं आपलें कर्तव्य संपलें असें चरित्रकार समजतात. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान याची पत्नी क्लारा हिच्या बाबतींत हा न्याय आम्हांस अपुरा वाटतो.

लाइपझिग येथें १८१९ सालीं जन्मलेल्या क्लारेस तिचा पिता फ्रीड्रिख वीक यानें पियानोची कठोर तालीम दिली. १८२८ सालीं ती तेथील गेवांडहाउस सभागृहांत प्रथम वाजवूं लागली. १८३८ सालीं व्हिएन्नाच्या राजदरबारानें तिला वादक म्हणून बहुमानाची पदवी दिली. रॉबर्टशीं विवाह करण्यास पित्याचा विरोध, म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागली. १८४० सालीं विवाह झाला. पुढें आठ अपत्यें झालीं. पति रचना करावयास बसला म्हणजे हिचा पियानो बंद राही, कारण पातळ भिंतींतून सूर ऐकूं जात!

१८५४ सालीं रॉबर्टनें ऱ्हाईन नदींत उडी घेतली. तो वांचला; परंतु उरलेले दिवस मनोरुग्णांच्या इस्पितळांत कंठून १८५६ सालीं वारला. सात मुलांचा भार क्लारेवर पडला. तेव्हांपासून मुलांना इतरांच्या हवालीं करून ती गांवोगांव हिंडली. इंग्लंडला तर अनेक वेळां गेली. १८९१ पर्यंत तिनें जाहीर वादन केलें. तिच्या जलशांचे सुमारें १३०० छापील कार्यक्रम आजही जपलेले आहेत. पतीच्या रचना लोकांच्या कानीं पडल्या, त्या बव्हंशीं हिच्याच बोटांनीं.

परंतु या जमाखर्चाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. सोळाव्या वर्षीं स्वतःचा पियानो-कन्चेर्तो मेंडेल्सझोनच्या संचालनाखालीं वाजविणारी, १८४६ सालीं उत्कृष्ट त्रयी रचणारी ही स्त्री १८५३ नंतर रचनेच्या बाबतींत जवळजवळ मुकी झाली. रचना हें स्त्रीचें क्षेत्र नव्हे, ही शंका तिच्या रोजनिशींत १८३९ सालींच उमटली होती. संसारानें त्या शंकेस पुष्टि दिली. वादनानें चूल पेटे. रचनेस निवांतपणा लागे, आणि तो तिला कोणीं दिला नाहीं.

१८९६ सालीं क्लारा निवर्तली. पुढें जर्मनीनें शंभर मार्कांच्या नोटेवर तिचें चित्र छापलें. तिनें संसार करून कला सांभाळली, असें आपण कौतुकानें म्हणतों. त्या कौतुकाची किंमत न लिहिलेल्या रचनांनीं चुकविली, एवढें तरी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंति आहे.